लाइम बे, २२ मार्च १९९३ : एका जलक्रीडा केंद्राचे प्रकरण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्याच्या पश्चिम टोकाला, लाइम बे या खाडीच्या काठी लाइम रीजिस नावाचे छोटे बंदर आहे. तिथून पूर्वेला सुमारे तीन किलोमीटरवर चारमथ हे गाव लागते. निवांत दिवशी, थोडाफार सराव असलेल्या माणसाला कयाक, म्हणजे अरुंद छोटी नाव, वल्हवत हे अंतर तासा-दीड तासात कापता येते. सोमवार, २२ मार्च १९९३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास प्लिमथ शहरातल्या साउथवे शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि लाइम रीजिसमधल्या सेंट अल्बन्स या साहसी क्रीडा केंद्राचे दोन प्रशिक्षक असे अकरा जण याच प्रवासाला निघाले. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांनी चारमथला पोहोचायचे होते. संध्याकाळी त्यांना समुद्रातून बाहेर काढण्यात आले तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या चार मुलांचे, म्हणजे दोन मुली आणि दोन मुलगे यांचे प्राण वाचू शकले नाहीत.

क्रीडासंस्थांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर सहसा वाईट वृत्तीचा माणूस येतो, आणि ती काळजी रास्तच आहे. लाइम बेच्या प्रकरणात मात्र असा माणूस कुठेही सापडत नाही. दोन्ही प्रशिक्षक त्या दिवशी मुलांबरोबर त्याच थंड पाण्यात होते आणि शिक्षकही तिथेच होते. किनाऱ्यावरच्या कोणाचीही मुलांचे वाईट व्हावे अशी इच्छा नव्हती. तरीही इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेने या मृत्यूंना सदोष मनुष्यवध ठरवले, केंद्र चालवणाऱ्या कंपनीला दोषी धरले आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला तुरुंगात पाठवले. हेतू चांगला असलेली संस्था इथवर कशी येते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण सावकाश वाचायला हवे, आणि त्याची सुरुवात समुद्रापासून न करता एका पत्रापासून करायला हवी.

दुर्घटनेच्या काही महिने आधी, १९९२ साली, याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी नोकरी सोडली होती. जाताना त्यांनी व्यवस्थापकीय संचालकांना लेखी कळवले की केंद्रातली सुरक्षा व्यवस्था अत्यंत अपुरी आहे. संकटात इशारा देण्याचे दिवे नाहीत, नावा ओढून आणण्याचे दोर नाहीत, प्रथमोपचाराचे साहित्य नाही, अशा ठोस उणिवा त्यांनी मांडल्या होत्या. हे असेच चालू राहिले तर कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी घरी का परतणार नाही याचा खुलासा देण्याची वेळ तुमच्यावर येईल, अशा आशयाचे वाक्यही त्या पत्रात होते. पुढे खटल्यात हे पत्र सरकार पक्षाचा सर्वांत वजनदार पुरावा ठरला, कारण धोका आपल्याला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही.

या पत्राकडे भविष्यवाणी म्हणून पाहिले जाते, पण मला त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. तक्रार करणारे दोघे नोकरी सोडून जात होते, म्हणजे संस्थेत राहून बदल घडवण्याची आशा त्यांनी टाकली होती. संचालकांना पत्र मिळाले, परंतु ते वाचून काय केले याचा जाब विचारणारा माणूस संस्थेच्या आत कोणी नव्हता आणि बाहेर कायद्याने नेमलेला कोणी नव्हता. अनुभवी माणसे जाग्यावर राहिली नाहीत आणि त्यांच्या जागी कमी अनुभवाची आली. कमी अनुभवाच्या माणसाला काय नाही आहे हे दिसतच नाही, म्हणून तक्रारही थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आता सगळे सुरळीत चालले आहे.

आता त्या सकाळकडे वळू. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. आपल्याकडे शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असा भेद शिकवतात. मतलई वारा रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि कोकणातला मासेमार त्याच्या जोरावर शिडाची होडी बाहेर काढतो. लाइमचा वारा त्या दैनंदिन चक्रातला नव्हता, पण त्याची दिशा तीच होती, आणि नवशिक्यासाठी या दिशेइतकी फसवी दुसरी नाही. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला किनाऱ्याजवळ लाटा उठवायला पुरेसे अंतर मिळत नाही, त्यामुळे बंदराच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले तर पाणी शांत दिसते. जसजसे आत जावे तसतशा लाटा वाढतात, आणि त्या जाणवतात तोवर परतीची वाट वाऱ्याविरुद्धची झालेली असते. समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहणारा वारा निदान बुडणाऱ्याला किनाऱ्याकडे ढकलतो, तर हा त्याला खुल्या खाडीत नेतो. म्हणून किनाऱ्यालगतच्या सहलीत हवामानाचा अंदाज घेणे म्हणजे पाऊस पडेल का एवढे पाहणे नसून वारा कोणत्या बाजूने आहे आणि दुपारपर्यंत वाढणार आहे का हे पाहणे असते.

मुलांना सागरी कयाकचा अनुभव नव्हता. त्यांच्याबरोबरचे शिक्षकही या खेळात नवशिकेच होते. दोन्ही प्रशिक्षकांकडे कयाकच्या राष्ट्रीय संघटनेचे सर्वांत खालच्या पायरीचे प्रमाणपत्र होते. हे प्रमाणपत्र स्वतःला नाव चालवता येते एवढेच सांगते. इतरांना, आणि तेही खुल्या समुद्रात, नेण्याची पात्रता त्यातून सिद्ध होत नाही. आपल्याकडेही ‘सर्टिफाइड ट्रेनर’ या शब्दांनी पालकांचे समाधान होते, पण ते प्रमाणपत्र नेमके कशाचे आहे हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. उत्तम पोहणारा माणूस वीस मुलांवर नजर ठेवणारा जीवरक्षक असेलच असे नाही.

निघाल्यानंतर थोड्याच वेळात शिक्षकांची नाव उलटू लागली. ती सरळ करून त्यांना पुन्हा बसवावे तर नाव पुन्हा उलटे. एक प्रशिक्षक त्यांच्यासोबत थांबला आणि दुसऱ्या प्रशिक्षिकेने आठही मुलांच्या नावा एकमेकींना लगटून धरायला लावल्या. असा तराफा केला की नावा सहज उलटत नाहीत, म्हणून ही रीत चुकीची म्हणता येत नाही. मात्र तराफा वल्हवता येत नाही, तो वारा नेईल तिकडे जातो. बघता बघता दोन गटांतले अंतर वाढत गेले आणि ते एकमेकांना दिसेनासे झाले.

इथे क्षणभर थांबून मोजणी करण्यासारखी आहे. निघताना नऊ नवशिक्यांमागे दोन प्रशिक्षक हे प्रमाण होते, आणि कोणी विचारले असते तर कागदावर ते फार वाईट दिसले नसते. पहिली नाव उलटताच ते आठ मुलांमागे एक असे झाले. कोणत्याही मैदानी उपक्रमात हे असेच घडते. एका मुलाचा पाय मुरगळला की एक प्रौढ त्याच्यापाशी अडकतो आणि उरलेली सगळी मुले उरलेल्या एका प्रौढाकडे येतात. म्हणून प्रौढ आणि मुले यांचे प्रमाण ठरवताना सगळे ठीक असतानाची संख्या मोजून भागत नाही, एक प्रौढ वजा केल्यावर काय उरते ते पाहावे लागते. शिवाय शिक्षक सोबत आहेत या गोष्टीने शाळेला आणि पालकांना जो दिलासा मिळाला असेल तो पाण्यावर निरुपयोगी होता, कारण पाण्यावर तेही सांभाळावे लागणाऱ्यांपैकी एक होते. क्रिकेटच्या मैदानावर जबाबदार प्रौढ असलेला माणूस समुद्रात जबाबदार प्रौढ असेलच असे नाही, हे आपल्या सहलींच्या परवानगीपत्रांत कुठेही लिहिलेले नसते.

लाटा वाढल्या तशी नावांत पाणी भरू लागले. कयाकमध्ये बसण्याच्या पोकळीभोवती आणि बसणाऱ्याच्या कमरेभोवती घट्ट बसणारे एक आवरण लावतात, त्याला स्प्रे डेक म्हणतात. त्यामुळे लाट अंगावर आली तरी पाणी नावेत शिरत नाही. मुलांच्या नावांना हे आवरण नव्हते. एकामागून एक नावा भरल्या, उलटल्या आणि सगळी मुले पाण्यात आली. त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होते, पण पूर्ण आधार मिळण्यासाठी ते तोंडाने हवा भरून फुगवावे लागणारे होते, आणि ते पूर्ण फुगवलेले नव्हते. मार्च महिन्यात तिथल्या समुद्राचे पाणी वर्षातल्या सर्वांत थंड अवस्थेत असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटांत श्वास ताब्यात राहत नाही, पुढे बोटे काम करेनाशी होतात आणि नंतर शरीराचे आतले तापमान घसरत जाते. तोंडाने हवा भरायची ती किनाऱ्यावर, कोरड्या बोटांनी आणि शांत श्वासाने. गरज पडली तर तेव्हा भरू असे म्हटले की जेव्हा गरज पडते तेव्हा भरण्याची शक्तीच उरलेली नसते.

इशारा देण्याचे दिवे कोणाकडेही नव्हते, रेडिओ नव्हता, सोबत मोटरबोट नव्हती. पाण्यात पडलेल्या माणसाचे फक्त डोके वर दिसते आणि लाटांमध्ये ते काही शे मीटरवरूनही हरवते. आकाशात एक लाल ज्योत सोडता आली असती तर ती किनाऱ्यावरून दिसली असती. १९९२ च्या त्या पत्रात ज्या वस्तू नसल्याचे लिहिले होते त्याच वस्तू त्या दिवशी नव्हत्या. चारही मृत्यूंचे मूळ शोधताना वारंवार हेच जाणवते की एकाही उणिवेचा उपाय महाग किंवा दुर्मिळ नव्हता.

आणि तरीही या प्रकरणाचे मर्म मला पाण्यावर दिसत नाही, ते किनाऱ्यावर आहे. मुले दुपारच्या जेवणापर्यंत चारमथला पोहोचायची होती. ती पोहोचली नाहीत. केंद्राकडून कोस्टगार्डला कळवले गेले ते दुपारी साडेतीनच्या सुमारास. दरम्यान एका मासेमारी नौकेला समुद्रात रिकामी कयाक सापडली होती आणि तिने ती वर्दी दिली होती, परंतु अमुक इतकी मुले अमुक वाटेने निघाली आहेत हे कोस्टगार्डला आधी कोणी सांगितलेलेच नसल्याने त्या रिकाम्या नावेचा अर्थ लावायला हाताशी काही नव्हते. निघण्यापूर्वी एक फोन केला असता, तर वेळेवर न पोहोचणे ही आपोआप बातमी ठरली असती. तो फोन न केल्यामुळे वेळेवर न पोहोचणे ही केवळ केंद्रातल्या एखाद्याच्या मनातली चुळबुळ राहिली.

अशी चुळबुळ माणूस किती वेळ सहन करतो, हे आपण सगळे जाणतो. थोडा उशीर होतोच, वाटेत थांबले असतील, उगाच बोभाटा नको, आपणच गाडी काढून बघून येऊ. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल ही भीतीही मनाच्या तळाशी असते. म्हणून हा निर्णय त्या क्षणीच्या माणसाच्या मनावर सोडणे ही संस्थेची चूक असते, त्या माणसाची नंतर. परतीची वेळ, त्यानंतर किती मिनिटे थांबायचे आणि मग कोणाला फोन करायचा हे निघण्यापूर्वी लिहून किनाऱ्यावरच्या एका ठरलेल्या माणसाच्या हाती दिले, की त्याला धीर गोळा करावा लागत नाही, फक्त घड्याळ पाहावे लागते. लाइमला असा कागद असता तर शोध तीन तास आधी सुरू झाला असता. थंड पाण्यातल्या तीन तासांचा अर्थ सांगायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

शोध सुरू झाल्यानंतरही मुले सापडायला वेळ लागला. त्यांना हेलिकॉप्टरने उचलले ते सायंकाळी. कोस्टगार्डने बचाव नौकेला आणि हेलिकॉप्टरला चुकीच्या भागात, किनाऱ्यालगत, शोधायला लावले, असा आरोप पुढे कंपनीनेच केला आणि नुकसानभरपाईचा काही भार कोस्टगार्डने उचलावा म्हणून दावा लावला. १९९७ साली न्यायालयाने तो फेटाळला. आपत्कालीन हाकेला प्रतिसाद देताना कोस्टगार्डवर या स्वरूपाचे खाजगी दायित्व येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल वेगळ्या कारणासाठी शिकवतात, परंतु क्रीडासंस्था चालवणाऱ्याने त्यातून एवढे तरी घ्यावे की बचाव यंत्रणा ही आपल्या नियोजनाची जागा घेत नाही आणि न्यायालयात तिच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

खटला विंचेस्टरच्या क्राउन कोर्टात चालला. आरोपी तीन होते : केंद्राचे व्यवस्थापक, व्यवस्थापकीय संचालक पीटर काइट आणि स्वतः कंपनी, ओएलएल लिमिटेड. व्यवस्थापकाच्या बाबतीत ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि त्यांची मुक्तता झाली. ८ डिसेंबर १९९४ रोजी काइट आणि कंपनी हे दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. काइट यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला, जो १९९६ साली अपिलात दोन वर्षांवर आला, आणि कंपनीला साठ हजार पौंड दंड झाला. इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात एखादी कंपनी मनुष्यवधासाठी दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिली वेळ का, याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झेब्रुग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटून १९३ माणसे मेली. त्या कंपनीवरही मनुष्यवधाचा खटला झाला होता, पण तो १९९० साली कोसळला. तेव्हाच्या कायद्यानुसार कंपनीला दोषी धरायचे तर तिचे मन म्हणता येईल अशा एखाद्या वरिष्ठ माणसाचा व्यक्तिगत दोष आधी सिद्ध करावा लागे. मोठ्या कंपनीत निर्णय इतक्या टेबलांवर विभागलेले असतात की ते मन कोणत्याच एका खुर्चीत सापडत नाही. ओएलएल लहान होती, संचालक आणि केंद्र यांत अंतर नव्हते, पत्र थेट त्यांच्याच नावाने आले होते. दोष सापडला तो कंपनी विशेष वाईट होती म्हणून, असे म्हणणे पुरेसे नाही. ती लहान होती म्हणूनही सापडला. ही विसंगती दूर करण्यासाठी ब्रिटनला २००७ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या कॉर्पोरेट मनुष्यवधविषयक कायद्याने एका माणसाऐवजी संस्थेचे कामकाज वरिष्ठ पातळीवरून कसे चालवले जात होते हे तपासण्याची वाट खुली केली. लहान संस्था चालवणाऱ्यांनी मात्र ओएलएल आठवलेली बरी. आमची संस्था छोटी, घरच्यासारखी, सगळे काही तोंडी चालते, हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते, पण न्यायालयात ते कबुलीजबाबासारखे वाजते.

खटल्यापेक्षा दूरगामी परिणाम पालकांच्या चिकाटीचा झाला. मृत मुलांच्या पालकांनी मागणी लावून धरली की मुलांना पैसे घेऊन साहसी खेळ शिकवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा असावा. तेव्हाच्या सरकारचा कल उद्योगाने स्वतःहून शिस्त पाळावी याकडे होता. प्लिमथ डेव्हनपोर्टचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी खाजगी विधेयक मांडले आणि १९९५ साली अल्पवयीनांच्या सुरक्षिततेसाठीचा साहसी केंद्रांविषयीचा कायदा संमत झाला. पुढच्या वर्षी परवाना देणारे प्राधिकरण सुरू झाले. २००७ पासून हे काम ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी यंत्रणेकडे आहे.

या परवान्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. तो अठरा वर्षांखालील मुलांना मोबदला घेऊन दिल्या जाणाऱ्या चार प्रकारच्या उपक्रमांना लागू होतो : गिर्यारोहण, जलक्रीडा, दुर्गम भागातली पदभ्रमंती आणि गुहाभ्रमण. निरीक्षक केंद्रावर येतो, उपकरणे पाहतो, पण त्याचबरोबर या उपक्रमांचे तांत्रिक ज्ञान असलेला जबाबदार माणूस कोण आहे, प्रशिक्षकांची पात्रता त्या त्या पाण्यासाठी किंवा त्या त्या डोंगरासाठी पुरेशी आहे का, आणि संकटकाळासाठी काय ठरवलेले आहे, हे तपासतो. प्रमाणपत्र आहे का एवढ्यावर न थांबता ते कुठल्या परिस्थितीसाठी आहे हा प्रश्न आता संस्थेबाहेरचा माणूस विचारतो. १९९२ चे पत्र ज्याच्या टेबलावर जायला हवे होते आणि जो तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो हा माणूस.

कायद्याने काही जणांना वगळलेही आहे. शाळेने स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेले उपक्रम, पालक सोबत असलेली मुले आणि स्वयंसेवी संघटनेने आपल्याच सदस्यांसाठी चालवलेले उपक्रम यांना परवाना लागत नाही. हौशी क्लबांवर कागदपत्रांचा भार टाकला तर ते बंदच पडतील, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. वारा मात्र कोण फी घेतो आणि कोण घेत नाही हे पाहून वाहत नाही. रविवारी सकाळी स्वयंसेवकांच्या बळावर मुलांना पाण्यावर किंवा कड्यावर नेणाऱ्या मंडळात, धंदेवाईक केंद्रापेक्षा एक अडचण जास्तच असते : जो माणूस फुकट वेळ देतो त्याला ‘तुम्ही हे नीट करत नाही’ असे सांगणे सगळ्यांनाच जड जाते. पगारी प्रशिक्षकाने राजीनामा देऊन पत्र तरी लिहिले. मंडळातला सभासद बहुधा पुढच्या वेळी यायचा बंद होतो आणि काहीच लिहीत नाही. म्हणून परवान्याबाहेर राहिलेल्या संस्थांनी तक्रार आली तर ती कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर देणार आणि तोवर उपक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला, एवढे तरी आपल्या घटनेत लिहून ठेवणे आवश्यक ठरते. हा थांबवण्याचा अधिकार अध्यक्षांकडे असून चालत नाही, तो पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या सर्वांत कनिष्ठ प्रशिक्षकाकडेही असावा लागतो आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी बोल लावणार नाही याची खात्री असावी लागते.

परवाना पद्धतीवर टीकाही झाली. २०१० साली सरकारचे सल्लागार लॉर्ड यंग यांच्या अहवालाने ती बंद करून त्याऐवजी आचारसंहिता आणावी अशी शिफारस केली आणि सरकारने ती तत्त्वतः मान्यही केली. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलांना घरात कोंडले जाते, हा त्यामागचा युक्तिवाद पूर्णपणे चुकीचा नाही. मुलांना समुद्र, डोंगर आणि थोडी भीती यांची गरज आहे असे मीही मानतो. पण परवान्यामुळे मुले समुद्रावर जायची थांबली नाहीत. शिफारशीनंतरही पद्धत टिकली, आणि ती टिकावी असे म्हणणाऱ्यांत ही केंद्रे चालवणारेही होते, यात आश्चर्य नाही : नीट काम करणाऱ्याला स्वस्तात वाईट काम करणाऱ्याशी स्पर्धा करावी लागत नाही, हा परवान्याचा त्याला होणारा फायदा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर मुलांच्या सुरक्षिततेच्या दोन बाजू दोन वेगळ्या कागदांवर आहेत. पॉक्सो कायद्याखालचे २०२० चे नियम शाळा, पाळणाघरे आणि क्रीडा अकादमी अशा, मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि ठरावीक काळाने प्रशिक्षण बंधनकारक करतात, मग कर्मचारी कायम असो वा कंत्राटी. दुसरीकडे राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि जमीन, हवा व पाणी अशा तिन्ही प्रकारांतल्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था केली. पहिला कागद माणसापासून मुलाला वाचवतो, दुसरा वाऱ्यापाण्यापासून. उन्हाळी शिबिराची चौकशी करणारा पालक मात्र एकच असतो आणि त्याच्या हातात बहुधा यांपैकी एकही कागद नसतो, व्हॉट्सॲपवर आलेले एक रंगीत पत्रक असते. शेजारच्या गुजरातेत, वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. तलाव शहराच्या आत होता, पाणी थंड नव्हते, किनारा डोळ्यांसमोर होता. लाइम बेशी त्याचे साम्य पाण्यात न शोधता, निघण्यापूर्वी धक्क्यावर ‘थांबा’ म्हणणारे कोणी नव्हते यात शोधावे लागते.

१९९३ साली साउथवे शाळेला सेंट अल्बन्स केंद्राची पारख करायची होती तेव्हा तिच्यापाशी केंद्राने स्वतःविषयी दिलेल्या माहितीपलीकडे फारसे काही नव्हते. १९९२ चे पत्र केंद्राच्या कपाटात होते आणि ते पाहण्याची शाळेला कोणतीही वाट नव्हती. आज ब्रिटनमधल्या परवानाधारक केंद्रांची यादी सार्वजनिक आहे. तीत केंद्राचे नाव आणि परवाना कोणत्या उपक्रमांसाठी आहे हे कोणत्याही शिक्षकाला किंवा पालकाला पाहता येते, आणि ज्या केंद्राकडे गिर्यारोहणाचा परवाना आहे पण जलक्रीडेचा नाही, ते मुलांना समुद्रावर नेण्याचे पैसे मागू लागले तर त्याला तिथेच हटकता येते.